मदत हवी आहे: मैत्रिणीच्या 'यकृतात छी (चिनी वैद्यकातली प्राणशक्ती) अडलाय' म्हणे, गोळ्या पुरतील का?

नानजिंगकर: इथे चीनमध्ये, नानजिंगला, माझ्या चिनी रूममेटला तिच्या आईने पारंपरिक वैद्याकडे नेलं. नाडी, जीभ बघून 'यकृताचा छी अडलाय' म्हणाले, श्याओयाओ नावाच्या वनौषधींच्या गोळ्या दिल्या. ती हल्ली 'मी नसलेलीच बरी' म्हणते. यात यकृत कुठून आलं? लवकर सांगा प्लीज, घाबरलेय.

रानवारा: वय? आधीची काही औषधं?

केदार_सातारा: चिनी वैद्यकापेक्षा आपला आयुर्वेद सरस. ब्राह्मी आणि शंखपुष्पी द्या, महिन्यात फरक पडेल.

सुईदोरा: केदार, तिच्या पोटात आणखी एक औषध कशाला?

नानजिंगकर, मी अॅक्युपंक्चर शिकलेय. चिनी वैद्यकात राग यकृताचा, अतिविचार प्लीहेचा, शोक फुप्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची. मन म्हणजे 'शन', ते हृदयात राहतं. मनातलं कोंडून ठेवलं की यकृताचा छी तुंबतो, छाती जड होते, उसासे येतात, झोप जाते. १४व्या शतकातल्या चू तानशी या वैद्यांनी अशा कोंडीचे सहा प्रकार सांगितलेत. श्याओयाओ त्याहून जुनं, चीनच्या सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहातलं. पण 'मी नसलेलीच बरी' हे नाडीत कळत नाही. ते वैद्यांना कुणी सांगितलं का?

नानजिंगकर: नाही. आई शेजारी बसलेली, म्हणून रूममेट फक्त झोप लागत नाही म्हणाली.

मावशी_ठाणे: माझा आखडलेला खांदा सुयांनीच सुटला. नानजिंगला चांगलं कोण आहे?

रानवारा: मावशी, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

झोपेचंच सांगणं तिथे जुनं आहे. १९८०च्या सुमारास आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी चीनमधल्या छांगशा शहरात 'मज्जातंतूंचा थकवा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर अशाच तक्रारी. त्यांतल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य निघालं. नानजिंगकर, आधीच्या औषधांचं अजून सांगितलं नाहीत.

नानजिंगकर: हॉस्पिटलच्या डिप्रेशनच्या गोळ्या होत्या. दोन्ही एकत्र नकोत म्हणून आईने त्या बंद केल्या.

डॉ_मनोविकार: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. त्या गोळ्या अचानक तोडल्या की त्रास उसळू शकतो. आज तिला एकटी सोडू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर आत्ताच इमर्जन्सी, अँब्युलन्ससाठी १२०. बोलायला तिथली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १२३५६. घरातल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

केदार_सातारा: पण मुळावर उपाय नको का?

सुईदोरा: मुळाचं नंतर बघू. आधी ती सुखरूप हवी. वैद्यांचे उपचार डॉक्टरांना सांगून पुढे चालू ठेवता येतील. आईलाही तसंच सांगा, म्हणजे तिला वैद्य सोडावा लागतोय असं वाटणार नाही.

नानजिंगकर: विचारलं. हो म्हणाली, खूप रडली. आई पोचलीय, आम्ही टॅक्सीत आहोत.

डॉ_मनोविकार: दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेतलीत ना बरोबर?

नानजिंगकर: हो, आईच्या पर्समध्ये आहेत.