सैल सांध्यांच्या लेकीसाठी बाबागाडी: बैठक नक्की कशी बघायची?

सैलगाठ

लेक पावणेतीन वर्षांची आहे. तिचे सांधे फार सैल आहेत. उभी राहिली की गुडघे मागे जातात, घोटे आत कलतात, हाताची बोटं सहज उलटी वळतात. एकविसाव्या महिन्यात पहिलं पाऊल टाकलं. तपासण्या झाल्यात, सध्या तरी डॉक्टर हायपरमोबिलिटी एवढंच म्हणतात. फिजिओ नियमित चालू आहे. ती चालते, आणि आवडीने चालते. पण दहा-पंधरा मिनिटांत पाय संपतात तिचे. मग रस्त्यातच बसते.

आत्ताची बाबागाडी छत्रीसारखी मिटणारी, हलकी, कापडी बैठकीची आहे. बसवते तेव्हा अगदी ताठ असते. थोड्या वेळात ढुंगण पुढे सरकतं, पाठीचं धनुष्य होतं, हनुवटी छातीला लागते. पाय लोंबकळत असतात आणि गुडघे एकमेकांवर आदळतात. उजव्या हाताने ती कडेची नळी धरून ठेवते. मला वाटायचं तिची सवय आहे. परवा वाकून नीट बघितलं तर बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती नळी धरून स्वतःला सावरत होती, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

त्या दिवशी अर्ध्या तासाने खाली उतरवलं तर पाय टेकवेना. "आई, पाय गेले," म्हणाली. रात्री उशिरापर्यंत पोटऱ्या चोळत बसले होते.

नवी गाडी घ्यायची आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं आरामदायी, मऊ, गादीदार. मऊपणानेच तर तिचं वाटोळं होतंय असं मला आता वाटायला लागलंय. बैठकीत काय बघू? साधी चांगली गाडी पुरेल की खास गरजांच्या मुलांसाठी असते तीच लागेल? आणि एक, जवळची माणसं म्हणतात की गाडीत बसवून तू तिला आळशी करतेस, चालू दे, तेवढेच स्नायू होतील. हे मनाला फार लागतं. कुणी यातून गेलंय का?

दोनपायवाट

ताई, आमचा मुलगा आता पाच वर्षांचा आहे, सांधे असेच. आळशी करण्याबद्दल आधी सांगते. आम्ही गाडी बंद केली होती चार महिने. तो चालला नाही जास्त, उलट बाहेर जायचं म्हटलं की रडायला लागला, कारण बाहेर म्हणजे दुखणं हे त्याच्या डोक्यात बसलं. गाडी परत आणली तेव्हा तो जाताना चालायचा, दमला की बसायचा, आणि पोचल्यावर खेळायला अंगात जीव असायचा. म्हणणाऱ्यांनी एक रात्र पोटऱ्या चोळाव्यात.

गाडी घेताना आमची चूक झाली ती वयावर गेलो. "तीन वर्षांपर्यंत" असं लिहिलेलं होतं. मूल मोजा, वय नको.

मांडीघडी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या बैठकीचंच काम करते. तुमच्या लेकीला मी पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या फिजिओंचा. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की सविस्तर लिहिते.

तुमचा संशय बरोबर आहे. कापडी बैठक म्हणजे झोळी. झोळीत बसलं की मधला भाग खाली जातो, कंबरेचं हाड मागे कलंडतं, दोन्ही मांड्या आत येतात. ज्याचे अस्थिबंध, म्हणजे सांध्यात हाडांना हाडं बांधणारे पट्टे, घट्ट आहेत त्या मुलाला तेच बंध कुठेतरी थांबवतात. सैल सांध्यांना तो थांबा मिळत नाही, मग ते काम स्नायूंवर येतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मूल निवांत बसलेलं दिसतं, पण आत त्याचे स्नायू सतत राबत असतात. नळी घट्ट धरणारा हात हेच सांगतोय. तिला बसूनही विश्रांती मिळत नाहीये.

म्हणून पहिली गोष्ट, बसायची जागा सपाट आणि टणक हवी. हाताचा पंजा बैठकीच्या मधोमध ठेवून जोरात दाबा. खळगा पडला तर ती गाडी सोडून द्या, वर कितीही छान गादी असो. टणक तळावर पातळ गादी चालते.

दुसरी गोष्ट खोली, आणि बहुतेक सगळे इथे फसतात. लेकीला कडक बाकावर पाठ टेकवून बसवा. ढुंगणाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटांची जागा कमी करा. बैठकीची खोली तेवढीच हवी. बैठक जास्त खोल असली की गुडघा काठापर्यंत पोचत नाही आणि पाय वाकवायला मूल स्वतः पुढे घसरतं. आपण त्याला मागे ओढून बसवतो, ते पुन्हा घसरतं. त्याचा हट्ट नसतो तो, बैठकच मोठी असते.

मग रुंदी. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जावं, त्याहून जास्त नको. "वाढत्या अंगाचं" घेऊ नका. बैठकीची खोली आणि रुंदी बदलता येणारी गाडी मिळाली तर फार उत्तम, खास गरजांच्या गाड्यांत ही सोय बऱ्याचदा असते.

पायाखाली पाट हवाच, आणि त्याची उंची बदलता यायला हवी. गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंत मोजताना रोजचे बूट घालून मोजा. पाय लोंबकळले की पायाचं सगळं वजन मांडीच्या खालच्या काठावर येतं, घोटा खेचला जातो आणि कंबर स्थिर राहत नाही. पाय टेकल्यावर हात कसे मोकळे होतात ते बघाच तुम्ही.

पट्टा पाच टोकांचा घ्या, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे आणि एक पायांमधून येणारा. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांडी आणि ओटीपोट मिळतात त्या घडीवर बसायला हवा, तिथेच तो कंबर मागे धरून ठेवतो. आधी तो लावायचा, मग खांद्याचे. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून यावेत. खाली असले तर तेच तिला पोक काढायला लावतील. आणि असे पट्टे निवडा की हात मागे मुरडून घालावा लागणार नाही. खांदा सैल असलेल्या मुलांना ती एक मुरड रोज दोनदा सोसावी लागते. उतरवतानाही हाताला धरून ओढू नका. पाच वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा कोपर तशा ओढण्याने सरकू शकतो. काखेखालून छातीला धरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात कुणी सांगत नाही. पाठ मागे पाडणं आणि अख्खी बैठक मागे झुकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती पाठ पाडली की कमरेचा कोन उघडतो आणि मूल सरकतं. बैठक आणि पाठ एकत्र झुकली तर कोन तोच राहतो, वजन पाठीवर विभागलं जातं, मूल जागच्या जागी विसावतं. दमणाऱ्या मुलाला ही दुसरी सोय हवी. दोन्ही गाड्यांवर "झोपवता येते" असंच लिहिलेलं असतं, म्हणून स्वतः झुकवून बघा की मांडीखालचा भाग हलतोय का.

साधी की खास? साध्या गाड्यांत टणक तळ, पायाला पाट आणि योग्य खोली मिळाली तर आत्ता ती पुरेल. पण वजनाकडे लक्ष ठेवा. युरोपीय मानकात ईएन १८८८चा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे, दुसरा १५ ते २२ किलोपर्यंतच्या. मूल १५ किलोच्या जवळ आलं असेल आणि गाडी पुढची दोन-तीन वर्षं लागणार असेल, तर पहिल्या गटातली घेऊन उपयोग नाही.

उशा कोंबू नका. त्या सरकतात आणि पट्टा सैल पडतो. बाजूने आधार द्यायचाच असेल तर फिजिओंसमोर बसवून ठरवा.

सकाळचाबाबा

आमच्या लेकीला संधिवात आहे, लहानपणचा. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला आणि किमान सहा आठवडे टिकलेला, असं त्याचं निदान करतात. तुमच्यापेक्षा आमचं उलटं, सांधे सैल नाहीत, सुजलेले आणि आखडलेले असतात. सकाळी तर पायऱ्याही उतरत नाही ती. तरी दोन गोष्टी तुमच्या कामाच्या वाटतात.

एक म्हणजे चाकं. बारीक कडक चाकांवर रस्त्याचा प्रत्येक खडा गुडघ्यात पोचतो. आम्ही मोठ्या, हवेच्या चाकांची घेतली. पहिल्याच फेरीत तिने गुडघ्यावरचा हात काढला. आम्हाला तेवढ्यात उत्तर मिळालं.

दुसरं, चांगल्या गाडीतही फार वेळ बसवू नका. आमची अर्धा तास एकाच जागी बसली की आखडते. वीसेक मिनिटांनी थांबतो, पाय खाली, चार पावलं, परत गाडीत.

आणि हे विषयाबाहेरचं आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाचणाऱ्या कुणाच्या मुलाचा सांधा सुजलेला, गरम असेल, सकाळी लंगडत असेल, तर त्याला सैल सांधे समजून थांबू नका. या आजारात डोळ्यालाही आतून सूज येऊ शकते, डोळा लाल नसताना, दुखत नसताना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या दिव्याच्या यंत्रावर, तपासल्याशिवाय ती कळत नाही.

मांडीघडी

दादांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं.

सैलगाठ ताई, एक विचारायचं राहिलं. तुमचे स्वतःचे सांधे कसे आहेत? सैल सांधे पुष्कळदा घराण्यात चालत येतात. गाडी रोज मिटणार, उचलणार, ढकलणार तुम्ही.

सैलगाठ

हा प्रश्न वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. माझे अंगठे लहानपणापासून मनगटाला टेकतात. शाळेत करून दाखवायचे सगळ्यांना. आत्ताच्या गाडीची कळ अंगठ्याने दाबावी लागते आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. हे लेकीच्या दुखण्याशी जोडून मी कधी बघितलंच नव्हतं.

मांडीघडी

मग अंगठ्याने दाबायची कळ नकोच. पूर्ण पंज्याने ओढता येईल अशी बघा, आणि हँडलची उंची तुमच्या कोपराच्या जरा खाली येईल अशी. सरळ आडवा दांडा असला तर दोन्ही मनगटं सरळ राहतात. छत्रीच्या मुठी टाळा. पिशव्या हँडलला अडकवू नका, मूल उतरल्याबरोबर गाडी मागे उलटते. तुमच्या अंगठ्यांचंही फिजिओंना सांगा. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

सैलगाठ

चार दिवसांनी लिहितेय.

मोजलं. ढुंगणापासून गुडघ्याच्या घडीपर्यंत २३ सेंटिमीटर. आमच्या गाडीची बैठक २६ खोल निघाली. म्हणजे ती सरकत होती कारण तिला सरकण्यावाचून इलाज नव्हता. आणि मी रोज "नीट बस ना गं" म्हणत होते. हे लिहितानाही वाईट वाटतंय.

फिजिओंनी त्यांच्याकडची अख्खी झुकणारी गाडी बसवून बघायला दिली. तळ टणक, खोली २१ ला लावली, पायाखाली पाट वर घेतला. बसवलं, आधी कमरेचा पट्टा, मग खांद्याचे. पहिल्यांदा सवयीने तिचा उजवा हात नळी शोधत होता. शोधता शोधता थांबला. मग दोन्ही हात मांडीवर आले आणि तिने बाहुलीच्या केसांना क्लिप लावायला घेतली, इतकं बारीक काम गाडीत बसून तिने आधी कधी केलं नव्हतं. पंचवीस मिनिटं बसली. उतरवलं तेव्हा पाय टेकले आणि चालत दारापर्यंत गेली.

गाडी वजनाला जड आहे, ती मला एकटीला उचलवणार नाही. चाकं सुटी होणारं, दोन भागांत निघणारं असं काही आहे का ते फिजिओ बघतायत. त्यांनी सोमवारी बोलावलंय, तेव्हा माझे अंगठेही दाखवणार आहे.