पहिलीच बर्डिंग ट्रिप, दुर्बीण कोणती घेऊ? (बजेट ३०००)

कळवेकरीण: रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर सीवूड्सला टीएस चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या कॉलेजच्या मागे फ्लेमिंगो बघायला जातेय, माझी पहिलीच वेळ. सासूबाईपण येणार म्हणतायत, गुडघे दुखतात पण उत्साह माझ्या दुप्पट. दुर्बीण हवीय, बजेट तीन हजार, वर एक रुपया नाही. लीडरने वेळ साडेदहाची दिलीय, पक्षी तर पहाटे बघतात ना? आणि कपडे कसले घालायचे?

लेन्सवेडा: ८×४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो), डोळे झाकून. आठ-दहा हजारांत बरी येते, तीन हजारांत खेळणं मिळतं. माझी स्वारोव्स्की आहे, मेव्हण्याने दुबईहून आणली, किंमत इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते. जर्मन काच ती जर्मन काच!

नौपाड्याचे_काका: स्वारोव्स्की ऑस्ट्रियाची आहे.

लेन्सवेडा: बोलतात जर्मनच ना काका.

घणसोली_लोकल: ऑनलाइन अजिबात घेऊ नका. मी '३०×६०, डे-नाइट व्हिजन' अशी मागवली. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, म्हणजे ६ सेंटिमीटर पाहिजे, आली ती खिशात मावणारी, पट्टी लावली तर तीनही भरेना. बगळ्याला जांभळी किनार दिसायची. परत घ्यायला तयार नाहीत. आता पोरगा त्यातून समोरच्या विंगेत बघतो आणि त्यावरून सोसायटीत जे झालं ते वेगळंच.

येऊरवाला: पहिल्याच ट्रिपला चिखलातले फ्लेमिंगो कशाला? येऊरला या, सकाळी सातच्या आत, तांबट, हळद्या, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. खरं बर्डिंग जंगलात.

कळवेकरीण: अहो, ट्रिप ठरलीय. पैसेपण भरलेत.

खाडीकाठची: वेळेचं कोणीच सांगेना म्हणून लिहिते. लीडर हुशार आहे. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात, तेव्हा ते लांब असतात. भरतीचं पाणी चढून चिखल बुडाला की उठून चाणक्यच्या पाणथळीवर येऊन बसतात. म्हणजे इथे घड्याळ नाही, भरती बघायची, आणि ती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. सोबत शेकाट्या, चित्रबलाक, शराटी दिसतील. सावली नाही, टोपी आणि पाणी घ्याच. कपडे मळखाऊ, पांढरा-लाल नको. सासूबाईंसाठी फोल्डिंग स्टूल घ्या आणि स्टेशनच्या मॉलमध्येच वॉशरूमला जाऊन या, पुढे सोय नाही.

घणसोली_लोकल: +१, टोपी घ्या. आणि मेगाब्लॉक बघा! ट्रान्स हार्बर रविवारी कधी दगा देईल सांगता येत नाही.

नौपाड्याचे_काका: फ्लेमिंगो मूळचे ठाणे खाडीचे. २०१५ ला अभयारण्य झालं ते 'ठाणे खाडी' नावानेच, २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची जागतिक यादी) गेलं तेही त्याच. नवी मुंबईने नुसते चौकाचौकात पुतळे उभे केले.

सीवूड्सकर: काका, भरतीला झोपायला आमच्याकडेच येतात ना! तलावात पाणी येणं बंद झालं तेव्हा आरडाओरडा आम्हीच केला, नौपाड्यातून कोणी आलं नव्हतं.

नौपाड्याचे_काका: बोलावलं नव्हतं.

येऊरवाला: येऊरला भरती-ओहोटीची भानगडच नाही.

शिकाऊ_खंड्या: ताई, पहिल्या ट्रिपला विकतच घेऊ नका. ग्रुपमध्ये दोन-तीन जणांकडे असतेच, मागून बघा, हातात कोणती बसते ते कळतं. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याकडची रबरी कडी) खाली करून बघा, नाहीतर अर्धं चित्र कापलं जातं. १०×५० च्या भानगडीत पडू नका, जड असते, हात हलला की पक्षीपण दहापट हलतो. फोनवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप टाका, फुकट आहे, भारताचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. फक्त तिथे आवाज वाजवून पक्षी बोलवू नका, लीडर ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.

लेन्सवेडा: सहमत, म्हणून ८×४२. थोडं बजेट वाढवा.

कळवेकरीण: सगळ्यांचे आभार. जाऊबाईंच्या भावाकडे जुनी १०×५० पडून होती, अडीच हजारांत दिली. जड आहे, मान्य. पण सासूबाई स्टुलावर बसून गुडघ्यांवर कोपरं टेकवून बघतात, हलत नाही म्हणाल्या. काल गॅलरीतून खाडीवरची घार बघत बसल्या, मला अजून हातात मिळालेली नाही. टोपी पांढरीच नेतेय, दुसरी नाही.

लेन्सवेडा: मग विचारलं कशाला?

शिकाऊ_खंड्या: कोपरं टेकवायची आयडिया मस्त आहे. आतली बुरशी तेवढी तपासा, उजेडाकडे धरून उलट्या बाजूने बघा, जाळ्यासारखं दिसलं तर परत करा.

डोंबिवली_फास्ट: आत्ताच धागा बघितला. ८×४२ घ्या.