मदत हवी आहे : तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीची सुरक्षा आणि कडुनिंबाची झाडे

आमच्या तालुक्यातील नियोजित प्रशासकीय इमारतीच्या आराखड्यात सुरक्षेसाठी कुंपणालगतचे कडुनिंब तोडणे, उत्तरेकडील खिडक्या बुजवणे आणि रात्रभर प्रखर दिवे लावणे सुचवले आहे. मतदान यंत्रांची खोली बंदिस्तच हवी, हे मान्य. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या विदर्भात संपूर्ण इमारत कोंडली, तर सारा भार वातानुकूलन यंत्रांवर येईल (भारनियमनात काय होईल, ते निराळेच). ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २०१७ किंवा ‘गृह’ (GRIHA) या हरित इमारतींच्या मानांकनाच्या आधारे गजांचे उंच झरोके अथवा हालचाल टिपताच उजळणारे दिवे असे पर्याय कोणी शासकीय इमारतीत मंजूर करून घेतले आहेत का? केवळ खालच्या फांद्या छाटून कॅमेऱ्यांपुढील अडथळा दूर होतो का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.