रने जिरार: धर्म मागे पडला, तरी चढाओढ का वाढते?

नवीपेठकर: सोलापुरात आमच्या अभ्यासमंडळात फ्रेंच विचारवंत रने जिरार (1923–2015) मांडायचाय, तासभर वेळ आहे. जमाव ज्याचा बळी घेतो त्याची बाजू ख्रिस्ती धर्म घेतो, असं तो म्हणतो. मग आजच्या सेक्युलर समाजात हिंसा का थांबत नाही? सुरुवात कुठून करू?

पार्कचौक: बळीपासून नको, हव्यासापासून करा. काय हवं हे माणूस दुसऱ्याचं बघून ठरवतो. ज्याचं बघतो तो आदर्श लांबचा असेल तर भांडण नाही. शेजारचा असला की तोच आडवा येतो. दोन मंडळांची मिरवणूक घ्या: एकाने स्पीकरची भिंत एका थराने वाढवली की दुसराही वाढवतो, गणपती बाजूलाच. शेवटी दोन्ही भिंती सारख्याच. भांडणारे एकसारखे होत जातात, हा कळीचा मुद्दा. लोक नेमका हाच गाळतात.

सातरस्ता: मग बळी. ताण असह्य झाला की सगळे एकावर तुटून पडतात आणि त्यांची एकी होते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं 23:12 वाचून दाखवा: येशूवर खटला चालला त्याच दिवशी आधीचे वैरी, राजा हेरोद आणि रोमी सुभेदार पिलात, मित्र झाले. मिथकं जमावाच्या बाजूने बोलतात. शुभवर्तमान बळीला निर्दोष म्हणतं. त्यामुळे एकाचा बळी घेऊन एकी करायचा जुना उपाय उघडा पडला, चढाओढ मात्र तशीच राहिली.

पार्कचौक: आणि 'आम्हीच पीडित' हे आता हत्यारही झालंय. पण म्हणून खऱ्या पीडितांची तक्रार खोटी ठरवू नका, चर्चा हमखास तिथेच घसरते. 14व्या शतकातल्या प्लेगमध्ये विहिरीत विष कालवल्याचा आळ घेऊन ख्रिस्ती जमावांनी यहुद्यांच्या कत्तली केल्या, हेही सांगाच.