उपचार संपल्यावर येणारं रडू

ताई, स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, घरच्यांनी पेढे वाटले आणि तुम्हाला मात्र तेव्हापासूनच रडू येतंय, असं तुम्ही लिहिलंत. खूप जणींचं असं होतं. केमोच्या काळात पुढची तारीख आणि रक्ताचे रिपोर्ट यातच जीव अडकलेला असतो. भीतीला वर यायला सवड मिळते ती नंतरच. माझेही उपचार झालेत, पण वर्षाची मॅमोग्राफी (स्तनाची एक्स-रे तपासणी) जवळ आली की माझी अजूनही झोप उडते. आता मी घरात सरळ सांगते, "तपासणी आहे, थोडे दिवस मला सांभाळून घ्या."

टॅमॉक्सिफेन ही कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिली जाणारी गोळी चालू असेल (साधारण ५ ते १० वर्षं घ्यावी लागते) तर अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, काहींना उदासही वाटतं. डॉक्टरांना सांगाच. मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली तर टॅमॉक्सिफेनचा उल्लेख आवर्जून करा. पॅरॉक्सेटिन या उदासीवरच्या गोळीमुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

लग्नाकार्याला जायचं टाळताय, ते वाचून फार वाईट वाटलं. मी नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या शिंपीणबाईंकडून ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा शिवून घेतला, त्यात स्तनाच्या जागी ठेवायचं कापडी पॅड नीट बसतं. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्यामुळे माझा त्या बाजूचा हात सुजतो, म्हणून त्या बाहीत जादा माया ठेवायला लावली. पदर सारखा ओढायची माझी सवय त्यानंतरच गेली.

रात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही नाशिकच्याच, तर सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर या ना, चालता चालता बोलू.