पासंग की धडा? वाण्याच्या तागडीवरचे शब्द

कृष्णाकाठ:
सांगलीतल्या बंद पडलेल्या किराणा दुकानांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं नेहमीचं दुकान होतं. त्यात एक वाक्य आहे : 'तेलाची बाटली पुढे केली की दुकानदार आधी तिचा पासंग करून घ्यायचा.' आत्यानं वाचलं आणि तिथंच अडली. म्हणाली, "पासंग नव्हे रे, धडा. बाटलीचा धडा करतात." मी तर लहानपणापासून पासंगच ऐकत आलोय. लेख शुक्रवारी द्यायचाय. काय ठेवू?

वखारभाग:
आत्याचं बरोबर आहे. या दोन निराळ्या गोष्टी. रिकाम्या भांड्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात घालून दांडी सरळ करायची, तो धडा. पासंग असतो तो तागडीचाच. दांडी मुळातच एकीकडे झुकत असेल तर हलक्या पारड्याला कायमचं काहीतरी अडकवून ठेवतात. आमच्या आजोबांच्या दुकानात डाव्या पारड्याच्या साखळीत एक लोखंडी कडी होती, तो पासंग. धड्यासाठी पोत्यांशेजारी खड्यांचा डबा. बाई तुपाचा गडू घेऊन आली की गडू एका पारड्यात, खडे दुसऱ्यात. खड्यानं जमेना की चिमूटभर तूरडाळ. तूप देऊन झालं की ती डाळ परत पोत्यात जायची, एक दाणा खाली सांडलेला आजोबांना चालत नसे. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो ते त्या कडीवरून, इतकं किरकोळ वजन.

मिरजेची_लेक:
आमच्याकडे बाटलीलाही पासंगच म्हणायचे, गिऱ्हाईकही आणि दुकानदारही. वडील कधी 'धडा' म्हणाल्याचं आठवत नाही. हजार लोक बोलतात तो शब्द चूक कसा?

शब्दनिष्ठ:
चूक नाही, पण उसना आहे. 'पासंग' फारसी. त्यातला 'संग' म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. 'धडा' आपला. लेख मराठी आहे तर धडाच लिहावा.

मिरजेची_लेक:
फारसी म्हणून पासंग काढायचा तर तराजू काढा, आणि 'दुकान'सुद्धा काढा. मग लेख कशावर लिहायचा? आणि तागडीचं काय करणार? कानडीत 'तक्कडी' आहे. आमच्या पेठेत अथणी-जमखंडीकडचे लोक माल घ्यायला यायचे, ते तक्कडी म्हणायचे आणि आम्ही तागडी. कुणाचं कुणाकडे गेलं ते तुम्हीच ठरवा.

शब्दनिष्ठ:
तागडी मराठीतून कानडीत गेली असं माझं ठाम मत आहे.

कराडकर_७:
मत ठाम असून भागत नाही, पुरावा लागतो. पण मला वेगळंच सांगायचंय. आमच्याकडे मंडईत धडा म्हणजे दहा किलो. 'वांग्याचा धडा काय निघाला?' असंच विचारतात. जुना धडा दहा शेरांचा, वजनं बदलली तरी नाव राहिलं. 'बाटलीचा धडा केला' वाचून आमच्या भागातला शेतकरी अडखळेल.

वखारभाग:
अडखळणार नाही. वाक्यावरून कळतं. 'धडा शिकवला' म्हटल्यावर कुणी दहा किलो समजतं का?

माई_सांगली:
वजनं बदलली ते मला आठवतंय. दशमान वजनं 1962 पासून सक्तीची झाली. शेर गेला, किलो आला. शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे किलो थोडा जास्त. सासूबाई कितीतरी दिवस म्हणत, "भाव वाढवला आणि वजन वाढवल्याचं सांगतात." आजही मी पावशेर वांगी मागते आणि मला 250 ग्रॅम मिळतात. जुना पावशेर 233 ग्रॅमचा. शब्द तोच, माल बदलला. आणि धान्य तर आमच्याकडे तोलत नसतच, मापत. पायलीचे चार शेर, अधोलीचे दोन, अर्ध्या शेराचं मापटं, पावाचं चिपटं. लोखंडी मापटं काठोकाठ भरून वरून शीग लावायची. शीग किती उंच, त्यावरून दुकानदार ओळखायचा.

कराडकर_७:
शीग! हा शब्द ऐकून किती दिवस झाले. सपाट मापाला तुम्ही काय म्हणायचात?

वखारभाग:
आमच्या दुकानात फिरवलेलं माप म्हणायचे, वरून हात फिरवून सारखं केलेलं. आजोबा फिरवत नसत. 2005 च्या महापुरात दुकानात पाणी आलं. खालच्या थप्पीतली पोती फुगून फुटली, हळद आणि गूळ एकत्र झाले. दुकान तरीही पुन्हा उभं केलं. 2019 ला परत पाणी आलं तेव्हा काकांनी फळ्या लावल्या त्या लावल्याच. तागडी घरी आहे, कडीसकट. म्हणून सांगतो, पासंग आणि धडा एक करू नका. ज्यानं रोज हातात धरली त्याला फरक माहीत असतो.

मिरजेची_लेक:
वाईट वाटलं वाचून. पण माझे वडीलही रोजच हातात धरत होते.

शब्दनिष्ठ:
आता काट्यावर डबा ठेवून 'झिरो मार' म्हणतात. त्या बटणावर 'धडा' लिहिलं तर शब्द वाचेल. काटे बनवणाऱ्यांना कुणीतरी पत्र लिहायला हवं. मी लिहीन.

कराडकर_७:
दुकानातला पोरगा तरीही झिरोच म्हणणार. त्याला ते सोपं पडतं, आणि त्यात वाईट काय?

शब्दनिष्ठ:
वाईट हे की आपल्याकडे नेमका शब्द असताना तो धूळ खात पडलाय.

माई_सांगली:
कृष्णाकाठ, तुम्ही 'किराणा दुकान' लिहिलंय, पण त्या गल्लीत बहुतेक भुसारवाले होते. आमच्या घरी वाणसामान म्हणजे मीठ-मिरची, तेल, साबण, हिंग. ज्वारी-गहू त्यात कधीच नाही, ते भुसाराकडून.

मिरजेची_लेक:
माई, आमच्या यादीत ज्वारीही वाणसामानातच असायची.

वखारभाग:
मग गूळ कशात धरायचा? सांगलीत गुळाची अडत वेगळीच असते.