मदत हवी आहे : खाणीच्या डंपखालच्या व्हाळात गाळ कुठे अडवायचा?

आमचा गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. वर बंद लोहखनिज खाणीचा डंप (टाकाऊ मातीचा ढीग), खाली व्हाळ म्हणजे ओढा, त्याच्या काठाला कुळागरं (माड-पोफळीच्या बागा) आणि वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेतं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीजं रद्द केली, पण डंपाला कोर्ट कळत नाही. पहिल्या जोराच्या पावसात लाल पाणी उतरतं आणि शेतात चिकट गाळाचा थर बसतो. वाळला की त्याला भेगा पडतात, भाताची मुळं खाली जात नाहीत.

उन्हाळ्यात जेसीबीने गाळ काढला जातो, पण काठावरच टाकतात, म्हणजे पावसात तो परत व्हाळात. उतारावर वाळा लावला. खालच्या टप्प्यावर धरला, वरच्या भुसभुशीत भागात मुळासकट वाहून गेला. डंपावर जुनी अकेशियाची झाडं आहेत, पण त्यांच्याखाली माती उघडीच.

डंप जुन्या लीजच्या हद्दीत, तिथे मशीन नेता येणार नाही. व्हाळाच्या एका बाजूची जमीन कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), तिथे गाळ साठवायच्या खड्ड्याला परवानगी मिळेल असं दिसतंय. पैसा पंचायतीपुरताच. पाणी पुढे मांडवीला जातं, त्यामुळे व्हाळ पूर्ण अडवायचा नाही.

खाणपट्ट्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच सांगावं: डंपाच्या पायथ्याशी एकच मोठा गाळखड्डा करावा, की व्हाळात पायरीपायरीने जाळीतल्या दगडांचे बुटके बांध घालावेत? आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटर पावसात ते बांध टिकतात का? आणि काढलेला गाळ शेणखत मिसळून शेतात वापरता येतो, की आधी लोह-मँगनीज तपासून घ्यावं?